न हलणारं टीपॉय

तुझला, ३ सप्टेंबर २००८

चि. बेल्का,

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय ना, मग निमूट पडून राहा. तुझ्या वेळी तुझ्या आईलाही असंच सांगितलं होतं, आणि ती बाई पडल्या पडल्या अख्ख्या गल्लीला पुरतील इतके मोजे विणत बसली. आज असती तर माझ्याआधी तिनेच तुझा कान पिळला असता. सहावा महिना म्हणजे खेळ नव्हे.

इकडे आमचं बरं आहे. आमचं म्हणजे माझं आणि नियाजचं. तुझ्या आवदोकाकांच्या भावाचा मुलगा, आठवतो का? काकांच्या मातीला आला होता, काळ्या कोटात. नोकरी बघायला तीन दिवसांसाठी म्हणून आला, त्याला आता पाच आठवडे झाले. बाहेरच्या खोलीतल्या सोफा-कम-बेडवर झोपतो. पाहुण्याला 'कधी जाणार' असं विचारायची आपल्यात रीत नाही, आणि हा तर नवऱ्याच्या रक्ताचा.

एकच गोष्ट मनाला लागली. माझ्या सासूचं ते नक्षीचं बुटकं पेश्कुन, ज्यावर आपण कॉफी घ्यायचो, ते त्याने टाकून दिलं. सोफा उघडताना रोज उचलून ठेवावं लागतं म्हणून कुरकुरत होता. मग एक दिवस म्हणाला, पाय मोडला. मी काही मोडलेला पाय पाहिला नाही.

आता घरात कॉफीचं तबक ठेवायला जागा नाही. शेजारची रुझा दोनदा आली, दोन्ही वेळा नियाजने दारातच सांगितलं, काकू झोपलीय. मी झोपले नव्हते गं. पण बाहेर येऊन तरी काय करणार, कप कशावर ठेवणार, मांडीवर?

जपून राहा.

तुझी शेफिकामावशी

•

ल्युब्लियाना, ११ सप्टेंबर

लाडके मावशे,

मी म्हशीसारखी लोळतेय आणि पोटावर फर्निचरचे चार कॅटलॉग उघडे आहेत. तुझं पत्र वाचलं आणि मला एकदम काम मिळालं! तुझ्या टीचभर खोलीसाठी झकास टीपॉय मी निवडणार आणि मीच पाठवणार. नाही म्हणायचं नाही.

तीन पसंत केलेत. एक गोल, काचेचं, पाय पितळी. काच असली की खोली मोठी वाटते म्हणे. दुसरं म्हणजे तीन टीपॉय, एकाच्या पोटात एक बसणारी, पाहुणे आले की बाहेर काढायची. तिसरं लंबगोल, खाली मासिकांसाठी फळी. लहान खोलीत कोपरे नसलेलंच घ्यावं, नडग्या वाचतात, असं इथे लिहिलंय. नडग्यांचं मला तुझ्याकडेच कळलंय.

मापं पाठव. विती आणि पावलं नकोत, सेंटिमीटरमध्ये.

आणि फोन का उचलत नाहीस गं? तीनदा केला, तिन्ही वेळा नियाज. तू झोपलीस म्हणाला. किती अदबीने बोलतो! एकटी नाहीस, हे ऐकून मला हायसं वाटलं.

तुझी बेल्का

•

तुझला, २० सप्टेंबर

प्रिय बेल्किसा,

तुझं पत्र मिळालं. मी ठीक आहे. नियाज माझी खूप काळजी घेतो. औषधं तोच देतो. टीपॉयची घाई नाही, खोलीत जागा नाही. काचेचं तर नकोच, मी अडखळून पडेन.

तुझी आई बरी असेल. तिला माझा नमस्कार सांग आणि मी वाट बघतेय म्हणून सांग.

शेफिका

•

तुझला, २१ सप्टेंबर

आदरणीय बेल्किसाताई,

आपली फारशी ओळख नाही, पण काकूच्या मायेने आपण एकच. काल काकूने तुम्हाला लिहिलेलं पत्र मी टाकलं, आणि मग राहवलं नाही म्हणून हे लिहितोय.

काकू विसरू लागली आहे. चष्मा फ्रीजमध्ये सापडतो. गॅस दोनदा उघडा राहिला, मी घरात होतो म्हणून निभावलं. शेजारणींना ओळखत नाही, त्या आल्या की घाबरते. म्हणून मी बाहेर जाताना दाराला कुलूप लावून जातो. काळजावर दगड ठेवून लावतो, विश्वास ठेवा.

तिला मी टाकणार नाही. वकिलांशी बोललोय. आजन्म सांभाळाचा करार करायचा: मी तिला शेवटपर्यंत बघायचं, तिच्यामागे घर माझ्याकडे. नोटरी घरी येऊन सही घेतील. तुमची हरकत नसावी. या अवस्थेत तुम्हाला त्रास नको.

टीपॉय मात्र पाठवू नका. पडली तर हाड मोडेल.

आपला, नियाज

•

ल्युब्लियाना, २९ सप्टेंबर

नियाजभाऊ,

तुमचं पत्र वाचून खूप रडले. मावशीने माझ्या आईला नमस्कार सांगितला तेव्हाच मला कळायला हवं होतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली. मातीला मावशीच माझा हात धरून उभी होती, आणि तेच ती विसरली!

तुम्ही देवमाणूस आहात. माझी कसली हरकत? मला उठायचीही परवानगी नाही, तुम्ही नसता तर काय झालं असतं? टीपॉय राहू दे. तिला जपा.

तुमची बहीण, बेल्किसा

•

तुझला, ४ ऑक्टोबर

बेल्का,

हे पत्र घरातून गेलेलं नाही. रुझाच्या आणि माझ्या बाल्कनीमध्ये ती चाकावरची कपड्यांची दोरी आहे ना, तिच्यावर उशीच्या अभ्र्यात चिमटा लावून पलीकडे सरकवतेय. रुझाला एवढंच म्हटलंय की बेल्कासाठी गुपित आहे, पेटीत टाक. तो बाहेर गेलाय, तासभर तरी येत नाही. तरी जिन्यात पाऊल वाजलं की पेन थांबतं.

माझं डोकं शाबूत आहे. तुझी आई गेलेली मी विसरेन? माझी पाठची बहीण! ते पत्र लिहिताना तो मागे उभा होता, खांद्यावर हात ठेवून. त्याला काय माहीत माझी बहीण आहे की गेली. म्हणून मुद्दाम लिहिलं. वाटलं, हे वाचून माझी बेल्का ताडकन उठून बसेल. आणि तू काय केलंस? त्याला देवमाणूस म्हणालीस. त्याने तुझं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

चष्मा तो लपवतो. गॅस मी बंद करते, तो उघडतो. मी दाराच्या फटीतून पाहिलंय. मग म्हणतो, 'बघ काकू, पुन्हा विसरलीस.' दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे. फोनची वायर खिशात घालून बाहेर जातो. मी माझ्या खोलीच्या दाराला खुर्ची लावून बसते. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, स्वतःच्या घरात.

तू म्हणशील, त्याला जा म्हण. अगं, म्हणते की रोज, आपल्या पद्धतीने. आल्यावर दिली ती पहिली कॉफी, गप्पांची दुसरी, आणि तिसरी ती सिक्तेरुशा, समोर आली की शहाण्या पाहुण्याने टोपी उचलायची. दोन महिने रोज त्याच्यासमोर तिसरी कॉफी ठेवतेय. तो भुरका मारून पितो, हसतो आणि म्हणतो, 'काकू, हात काय आहे तुझा! आणखी एक.' त्याला कळत नाही असं नाही. तोंडाने मात्र मला बोलता येत नाही. आईने शिकवलंच नाही, आणि आता जीभ उचलत नाही, भीतीने.

पोलीस नको. दारात तो असं साखरेत घोळून बोलेल की पोलीस कॉफी पिऊन जातील, आणि मग दार लागलं की मी आणि तो. लोकांत जाहीर करू नकोस, आवदोच्या घराण्याची लाज आहे. पण काहीतरी कर गं. मला फार भीती वाटते.

उत्तर रुझाच्या पत्त्यावर पाठव.

शेफिकामावशी

•

ल्युब्लियाना, ९ ऑक्टोबर
(रुझाच्या पत्त्यावर)

मावशी,

माझ्या थोबाडीत मार. मीच तुझ्या गळ्यात दोरी अडकवायला गेले. पत्र वाचून उठून उभी राहिले, तर घरच्यांनी धरून पुन्हा झोपवलं. मला येता येत नाही, मावशी, बाळाला धोका आहे म्हणतात. रडून झालं, आता डोकं चालवतेय.

तो सोफा मला पाठ आहे. लहानपणी सगळ्या सुट्ट्या त्याच्यावर झोपले. उघडला की त्याची कड थेट समोरच्या कपाटाला टेकते, बोटभर जागा उरत नाही. पेश्कुन त्याने का फेकलं ते आता कळलं. ते हलकं होतं म्हणून फेकता आलं.

म्हणून मी टीपॉय पाठवतेय. कॅटलॉगमधलं सगळं शहाणपण उलटं केलंय. ग्राचानित्साचा पेरो सुतार, आईच्या शाळेतला, त्याला सांगितलंय: अक्रोडाचं, जाडजूड, खोलीत मावेल तेवढं मोठं. सुटे भाग वर आणायचे आणि खोलीत बसून सरस लावून जोडायचं, म्हणजे दारातून बाहेर निघायला नको. दिसायलाही देखणं आहे हो! कडा गोल, पाय बारीक होत गेलेले, मधे आईच्या शालीवरची वेल कोरायला सांगितलीय. सोफा पुन्हा उघडणार नाही. झोपू दे त्याला बसून.

आणि दुसरं. नवी वस्तू घरात आली की कॉफीचं पाकीट घेऊन बघायला जायचं, हे तर कुणी अडवू शकत नाही ना? रुझाला मी वेगळं लिहितेय, एवढंच: गुरुवारी २३ तारखेला मावशीकडे नवं टीपॉय येतंय, जिन्यातल्या सगळ्यांना सांग. तुझी लाज झाकलेलीच राहील.

लोकांसमोर तो गुणी पुतण्या आहे. राहू दे लोकांसमोरच.

तुझी बेल्का

(त्याच तारखेचं, घरच्या पत्त्यावर)

प्रिय मावशी, टीपॉयचा विचार सोडला. नियाजभाऊ म्हणतात तेच खरं. त्यांचं ऐकत जा. बेल्किसा

•

तुझला, १५ ऑक्टोबर

बेल्का,

नको. पेरोला नको म्हणून कळव. त्याने काहीतरी ओळखलंय.

नोटरी सोमवारी येणार, २७ तारखेला. काल मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. तो येऊन शेजारी उभा राहिला, खाली बघितलं आणि अगदी मायेने म्हणाला, 'चौथा मजला. म्हातारी माणसं पडतात गं काकू, कपडे घालताना.' आणि माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. आजपासून कपडे तोच वाळत घालणार आहे.

हे पत्र कचऱ्याच्या पिशवीखालून रुझाच्या हातात दिलं, तो मागेच होता. आता पुन्हा जमणार नाही.

मी सही करीन. निदान तुझं बाळंतपण होईपर्यंत तरी जिवंत राहीन.

शे.

•

ल्युब्लियाना, २० ऑक्टोबर
(रुझाच्या पत्त्यावर)

मावशी, ९ तारखेपासून तीन पत्रं पाठवली, तुझ्या त्या एका चिठ्ठीनंतर काहीच नाही. पेरोला मी नको म्हणून कळवलेलं नाही. चुकत असेन तर मला माफ कर. बाळ लाथा मारतंय आणि मला वाटतं तेही घाबरलंय. एक ओळ तरी पाठव.

•

तुझला, २९ ऑक्टोबर

माझी बेल्का,

हे पत्र मी स्वतः खाली जाऊन पेटीत टाकणार आहे. आधी तेवढं वाच, मग बाकीचं.

गुरुवारी सकाळी बेल वाजली. नियाजने दार उघडलं, बाहेर पेरो आणि त्याचे दोघे भाऊ, डोक्यावर फळ्या. 'इथे कुणी काही मागवलेलं नाही,' म्हणून हा दार लावायला लागला. तर त्यांच्या मागे जिन्यात रुझा, तिच्यामागे वरची फादिला, तिच्यामागे तळमजल्याची ती लंगडी मिलेवा. सगळ्यांच्या हातात कॉफीची पाकिटं. मिलेवा चार मजले चढून आली, बेल्का! रुझा मोठ्याने म्हणाली, 'अहो नियाज, बाजूला व्हा की, लाकूड अंगावर पडेल. किती नशीबवान काकू तुमची!' आणि तो बाजूला झाला. हसला. लोकांसमोर त्याला हसावंच लागतं.

पेरोने खोलीत बसून दोन तास जोडलं. सोफा आणि कपाट यांच्यामध्ये असं बसलंय की बाजूने आडवं होऊन जावं लागतं. माझ्या नडग्यांना आतापासूनच नीळ पडलीय. पेरो आणि बाया गेल्यावर नियाजने ते ढकलून, उचलून, तिरकं करून बघितलं. हललं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'सोमवार होऊ दे, काकू. करवत आणतो.' त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. मी खोलीत जाऊन दाराला खुर्ची लावली, पण ती दोनदा पडली.

शुक्रवार, शनिवार, रविवार, एक बाई उठली की दुसरी यायची. टीपॉयची ती काय तारीफ! वेलीवर बोट फिरवून फिरवून झिजवली असती. तो खुर्चीत बसून डुलक्या काढायचा आणि डोळे उघडले की माझ्याकडेच बघायचा. उजाडल्यापासून झोपेपर्यंत एकदाही आम्ही दोघंच उरलो नाही. तरी मी बायांना काही बोलले नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

सोमवारी नोटरी आले, चष्मेवाले, पडसं झालेले. नियाज बायांना म्हणाला, 'आता जरा घरचं काम आहे.' रुझा म्हणाली, 'करा की, आम्ही काय ऐकतोय थोड्याच!' आणि साखरेचा खडा कॉफीत बुडवला. एकही उठली नाही. नोटरींनी कागद टीपॉयवर ठेवले, कपांच्या मधोमध, सगळं वाचलं आणि मला विचारलं, 'शेफिकाबाई, हे तुमच्या मर्जीने होतंय का?'

नियाजने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तस्साच, पत्र लिहिताना ठेवला होता तसा. मी म्हटलं, 'कॉफी करते.' आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

खरं सांगते, तिथे उभी राहून मी रडले. वाटलं, करून टाकावी सही. मग हात आपोआप चालू लागले. पाणी उकळलं, कॉफी टाकली, फेस वर आला. एकच कप भरला. बाहेर आणून त्याच्यासमोर ठेवला. एकट्याच्या.

फादिलाने हातातला कप खाली ठेवला. बोस्नियातल्या शेंबड्या पोरालाही कळतं सिक्तेरुशाचा अर्थ काय ते. नोटरींनाही कळला, त्यांनी चष्मा काढला. आणि तो, बेल्का, तो हसला. कप उचलला, भुरका मारला आणि म्हणाला, 'बघा, किती माया करते! आणखी एक, काकू.'

तेव्हा मला समजलं की हा आणखी शंभर पिईल. आणि मी तोंडाने म्हटलं. आवाज फाटला, पण म्हटलं, 'नियाज, ऊठ. माझ्या घरातून चालता हो.'

तो म्हणाला, 'ही भ्रमिष्ट झालीय, बघताय ना.' नोटरींनी मला तारीख विचारली, वार विचारला, त्यांचं नाव विचारलं. तिन्ही बरोबर सांगितली, वर त्यांना पडशावर कांद्याचा रस घ्यायला सांगितला. त्यांनी कागद गोळा केले. मिलेवाने काठी आपटून म्हटलं, 'हिच्या गॅसवर, किल्ल्यांवर, पडण्याझडण्यावर आजपासून साऱ्या जिन्याचा डोळा आहे हो, भाऊ.' म्हणजे या बायांना सगळं ठाऊक होतं! मी लाज झाकत बसले आणि त्या मी हाक मारण्याची वाट बघत बसल्या. ह्या मूर्खपणाला काय म्हणावं?

त्याने किल्ल्या टीपॉयवर फेकल्या. वेलीच्या शेंड्याला खोक पडलीय, पेरो भरून देतो म्हणतो. मी नको म्हटलं. कुलूप त्याच दिवशी बदललं.

भीती गेली असं समजू नकोस. काल जिन्यात कुणी खोकलं आणि मी गॅस तीनदा तपासला. तुझं टीपॉय ओढून दाराला लावावं असं फार वाटतं, पण ते मेलं हलत नाही, आणि तेच बरं आहे. एक मात्र ठरवलंय. या घरात आता तिसरी कॉफी होणार नाही. ज्याला जा म्हणायचं, त्याला तोंडाने म्हणेन.

थांब, बेल वाजली. छातीत धस्स झालं बघ, हा शाईचा डाग त्याचाच. 'कोण?' म्हणून ओरडले तर कुणी बोलेना. पुन्हा वाजली. सुरी हातात घेऊन दाराशी गेले.

'अगं मी, रुझा,' पलीकडून आवाज आला. 'तोंडात चिमटे आहेत, बोलू कशी? दोरीवर तुझी चादर वाळलीय. ती घे, आणि पहिली कॉफी ठेव.'

ठेवलीय.

तुझी शेफिकामावशी